बार्बरा मॅक्लिंटॉक : मक्याच्या दाण्यात जनुकांच्या उड्या पाहणाऱ्या शास्त्रज्ञ



गेल्या वर्षी तिसरीच्या वर्गात गणिताच्या तासाला दहाचे गट करायला मणी कमी पडले, म्हणून मी घरून सुके वाटाणे घेऊन गेले होते. सगळी मुलं गट करत होती. एक मुलगी मात्र वाटाण्यांचे दोन ढीग करत बसली होती, गुळगुळीत एका बाजूला आणि सुरकुतलेले दुसऱ्या बाजूला. हे असे वेगळे का, असं तिनं मला विचारलं. वाळताना होतात तसे, तू आधी दहाचे गट कर, असं सांगून मी पुढच्या रांगेकडे वळले. तास वेळेत संपला, पण ते दोन ढीग काही डोक्यातून जाईनात. घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता मटारावरून मक्यावर आणि मक्यावरून एका बाईंवर येऊन थांबले. आजचा लेख त्यांच्यावरच आहे. वाटाण्याचं उत्तर पुढे येईलच.

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्यावर फार तर एक ओळ असते. १९८३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल, उड्या मारणाऱ्या जनुकांचा शोध. मुलं ती ओळ पाठ करतात आणि आपण पुढच्या नावाकडे जातो. त्या ओळीमागचं आयुष्य मात्र वर्गात सांगण्यासारखं आहे, आणि घरीसुद्धा.

बालपण आणि शिक्षण

बार्बराचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड या गावी झाला. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. चार भावंडांत ही तिसरी. आई-वडिलांनी आधी तिचं नाव एलेनर ठेवलं होतं. पण या मुलीला ते फार नाजूक वाटतं म्हणून थोड्याच दिवसांत बदलून बार्बरा केलं. लहानपणी घरच्या ओढाताणीमुळे काही काळ तिला नातेवाइकांकडे ठेवलं होतं. पुढे १९०८ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहायला आलं. वडिलांचा एक नियम वाचून मला हसू आलं. शाळेत सहा तास शिकणं पुरे झालं, माझ्या मुलांना गृहपाठ देऊ नका, असं त्यांनी शाळेला कळवून टाकलं होतं. (आपल्या पालकसभेत असं कोणी म्हणालं तर आपले चेहरे कसे होतील?) मुलीला मुलांसारखं खेळायचं असेल तर खेळू द्यावं, असंही त्यांचं मत होतं.

१९१९ मध्ये तिची शाळा संपली आणि घरात कॉलेजवरून पेच पडला. जास्त शिकलेल्या मुलीशी लग्न कोण करणार, ही आईची भीती होती. पालकहो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलं आहे का, ते मी विचारत नाही. मी दहावीनंतर घरी बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींची नावं एका दमात सांगू शकते. मोठ्या बहिणीची कॉलेजची संधी अशीच गेली होती. वडील तेव्हा पहिल्या महायुद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून युरोपात होते. बार्बरा दिवसा एका नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीत काम करायची आणि उरलेला वेळ वाचनालयात काढायची. वडील परत आले, त्यांनी तिची बाजू घेतली, आणि ती कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाली.

तिथे ती रमली. जॅझ संगीताच्या एका गटात बँजो वाजवायची, केस बारीक कापून घेतले. एका परीक्षेत ती लिहिण्यात इतकी बुडून गेली की शेवटी उत्तरपत्रिकेवर नाव घालायची वेळ आली तेव्हा स्वतःचं नावच आठवेना. लाजेनं कोणाला विचारताही येईना. बराच वेळ गेल्यावर ते आठवलं. नाव लिहायला विसरणाऱ्या मुलांवर चिडताना मला आता हा प्रसंग आठवतो.

१९२१ मध्ये तिनं जनुकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घेतला. तिची आवड पाहून शिकवणाऱ्या हचिसन सरांनी फोन करून तिला पुढच्या, पदव्युत्तर वर्गात बोलावलं. आयुष्याची दिशा तिथे ठरली, असं त्या नंतर सांगत. एका शिक्षकाचा एक फोन! १९२७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्या वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झाल्या. इथून पुढे मी त्यांना बाईच म्हणणार आहे.

मकाच का?

हे मुलांना समजावणं सोपं आहे, फक्त कणीस हातात पाहिजे. मक्याच्या झाडाला वर तुरा येतो, त्यात पराग असतात. खाली बाजूला कणीस, आणि त्यातून लोंबणारे केस. आपण कणीस सोलताना जे केस कचऱ्यात टाकतो, त्यातला प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. केसावर परागकण पडला की त्या केसाचा दाणा भरतो. म्हणजे प्रत्येक दाणा हे वेगळं अपत्य. एकाच कणसावर काही शे भावंडं रांगेत बसलेली असतात आणि त्यांच्यातला फरक रंगावरून डोळ्यांना दिसतो. आपल्या बाजारात पिवळा मका असतो, पण अमेरिकेत जांभळे, लाल, पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे दाणेही पिकवले जात. तुऱ्यावर आणि कणसावर कागदी पिशव्या बांधायच्या, हव्या त्या झाडाचा पराग हव्या त्या केसांवर स्वतःच्या हातानं टाकायचा, आणि पीक येईपर्यंत थांबायचं. बाईंनी हे काम जवळपास आयुष्यभर केलं.

पण त्यांची खरी ताकद सूक्ष्मदर्शकाखाली होती. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. बाईंनी पेशी रंगवण्याची पद्धत सुधारली आणि दहाही गुणसूत्रं लांबी, आकार आणि त्यांच्यावरच्या गाठी यांवरून एकेक ओळखून दाखवली. आपण वर्गातली मुलं पाठमोरी असली तरी ओळखतो ना, तसं.

१९३१ मध्ये त्यांनी हॅरिएट क्रेटन या आपल्या विद्यार्थिनीबरोबर एक फार महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. आई-वडिलांकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांना भिडून तुकड्यांची अदलाबदल करतात, असं तोवर शास्त्रज्ञ मानत होते, पण ती अदलाबदल कोणी डोळ्यांनी दाखवली नव्हती. या दोघींनी असं नववं गुणसूत्र निवडलं, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा जास्तीचा तुकडा चिकटलेला होता. दोन्ही टोकांना खूण असल्यामुळे तुकडा बदलला की सूक्ष्मदर्शकात लगेच दिसायचं. आणि तो बदलला की दाण्याचे गुणही त्याच्याबरोबर बदललेले असायचे. दहावीच्या पुस्तकात आज आपण अर्ध्या ओळीत जे शिकवतो, त्याचा हा पुरावा.

एवढं करूनही पक्की नोकरी नव्हती. कॉर्नेलमध्ये बायकांना प्राध्यापकाची जागा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. शिष्यवृत्त्यांवर दिवस काढले. १९३३ मध्ये एका शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेल्या, पण तेव्हाच तिथे हिटलरची सत्ता आली होती. वातावरण सहन न होऊन त्या लवकर परतल्या. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात नोकरी लागली. तिथे त्यांनी तुटक्या गुणसूत्रांवर मोठं काम केलं. किल्ली विसरली तर भिंतीवर चढून खिडकीतून प्रयोगशाळेत शिरणाऱ्या बाई म्हणून तिथे त्या ओळखल्या जायच्या. तिथे आपल्याला पुढे जागा नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ती नोकरी सोडली. १९४१ च्या अखेरीस त्या न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या संशोधन केंद्रात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. शिकवण्याचं बंधन नाही, मक्याला जमीन, एक सूक्ष्मदर्शक. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

दोन जुळे पट्टे

१९४४ च्या सुमारास त्यांनी तुटक्या नवव्या गुणसूत्राच्या झाडांचं बी लावलं. उगवलेल्या रोपांच्या पानांवर विचित्र रेघा आणि पट्टे होते. असं चित्रविचित्र पान त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. पण बहुतेकांनी ते माझ्यासारखंच केलं असेल, असतं एखादं खराब म्हणून पुढे. बाई थांबल्या. त्यांना दिसलं की काही ठिकाणी दोन पट्टे अगदी शेजारी शेजारी आहेत, जुळ्या बहिणींसारखे. एका पट्ट्यात रेघा नेहमीपेक्षा जास्त, दुसऱ्यात नेहमीपेक्षा कमी. शेजारी शेजारी म्हणजे दोन्ही एकाच पेशीच्या दोन मुली. मग एकीत जे वाढलं ते दुसरीतून कमी झालं असणार. पेशी दोन होताना काहीतरी एकीकडून सुटून दुसरीकडे गेलं होतं. काय गेलं होतं, ते शोधायला पुढची सहा वर्षं लागली.

त्यांना आढळलं की नववं गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटतं. त्या जागेवरच्या घटकाला त्यांनी डिसोसिएशन, थोडक्यात डीएस, असं नाव दिलं. पण डीएस एकटा काही करत नाही. त्याला हलवायला दुसरा एक घटक पेशीत असावा लागतो, तो ॲक्टिव्हेटर, म्हणजे एसी. आणि मग सगळ्यात धक्कादायक गोष्ट, काही झाडांत डीएसची जागाच बदललेली होती. तोवर सगळ्यांच्या मनात गुणसूत्र म्हणजे मण्यांची माळ आणि जनुक म्हणजे त्यातला मणी, असं चित्र होतं. प्रत्येक मणी आपापल्या जागी पक्का ओवलेला. इथे एक मणी माळेतून निघून दुसरीकडे जाऊन बसत होता.

दाण्यावर ते कसं दिसायचं? जांभळा रंग तयार करणाऱ्या जनुकात डीएस जाऊन बसला की ते जनुक बिघडायचं आणि दाणा बिनरंगाचा व्हायचा. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत एसीच्या मदतीनं डीएस तिथून उठून गेला, तर तिथलं जनुक पुन्हा चालू. त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या, म्हणजे दाण्यावर जांभळा ठिपका. उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. पेशीत एसीच्या प्रती जास्त असल्या की उडी उशिरा पडते, हेही त्यांनी नुसत्या ठिपक्यांच्या आकारावरून ओळखलं. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती, हे लक्षात घ्या. ती १९५३ मध्ये कळली. बाईंनी आपला शोध १९५० मध्ये छापला होता.

१९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्याच एका मोठ्या परिषदेत त्यांनी हे सविस्तर मांडलं. श्रोते गोंधळले, फारशी चर्चा झाली नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मोठ्या नियतकालिकांत लिहिणं खूप कमी केलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र दरवर्षी नेमानं लिहीत राहिल्या.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही कथा बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते. सगळ्या जगानं त्यांना वेडं ठरवलं, तीस वर्षं त्या एकाकी लढल्या आणि शेवटी जिंकल्या, अशी ती कथा. ऐकायला छान वाटते. मीही वर्गात एकदा तशीच सांगितली आहे. पण १९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या होत्या, हा मान मिळवणाऱ्या तिसऱ्या महिला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या जनुकशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. अशा बाईंना कोणी वेडं म्हणत नव्हतं. मक्यात असे फिरते घटक आहेत हे मक्याच्या अभ्यासकांनी लवकरच मान्य केलं, इतरांनाही ते स्वतःच्या झाडांत सापडले. लोकांना पटलं नाही ते वेगळंच. बाईंचं म्हणणं होतं की हे घटक म्हणजे नियंत्रक आहेत, शरीराची वाढ होताना कोणतं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे ते ठरवतात. हा अंदाज जसाच्या तसा खरा ठरला नाही. पेशी स्वतःची वाढ अशा उड्यांवर चालवत नाही.

मग बाई चुकल्या का? माझ्या मते इथेच त्यांच्या कामाचा सगळ्यात विलक्षण भाग आहे, आणि नेमका तोच त्या एका ओळीत येत नाही.

झोपलेले घटक

पन्नास आणि साठच्या दशकात त्या एसपीएम नावाच्या दुसऱ्या फिरत्या घटकावर काम करत होत्या. त्यांना दिसलं की हा घटक कधी कधी गप्प होतो. तो गुणसूत्रातच असतो, नाहीसा झालेला नसतो, पण ठिपके पडायचे थांबतात. ही झोप बियांतून पुढच्या पिढीतही जाते. आणि मग एखाद्या झाडात, कधी तर झाडाच्या एखाद्याच भागात, तो पुन्हा जागा होतो. घटक तोच, जागा तीच, फक्त कधी झोपलेला आणि कधी जागा. जनुकात काही बिघाड झाला म्हणावं तर तो असा आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणजे पेशीकडे त्याला झोपवायची काहीतरी वेगळी सोय असली पाहिजे. बाईंनी या झोपेच्या आणि जागेपणाच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून ठेवल्या. ती सोय कोणती, हे शोधायला लागणारी साधनं त्या काळात कोणाकडेच नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. साठच्या दशकाच्या अखेरीस जीवाणूंमध्ये असेच फिरते तुकडे सापडले, मग माश्यांमध्ये, मग सगळीकडेच. त्यांना ट्रान्सपोझॉन हे नाव मिळालं. आता सगळ्यांना कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या मकेवाल्या बाई आठवल्या. त्या १९६७ मध्ये निवृत्त झाल्या होत्या, पण प्रयोगशाळा सोडली नव्हती. १९८३ मध्ये एकट्यांच्या नावे नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. घरी टेलिफोन नसल्यामुळे बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. त्यानंतर त्या रोजच्यासारख्या अक्रोड वेचायला बाहेर पडल्या, असं सांगतात.

आता आपला वाटाणा. मेंडेलचे गोल आणि सुरकुतलेले मटार आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेत. ते सुरकुतलेले का होते, हे १९९० मध्ये इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पिठूळ पदार्थ म्हणजे स्टार्च नीट तयार करणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसून बसला होता. त्यामुळे दाण्यात साखर राहते, कोवळेपणी पाणी जास्त शोषलं जातं, आणि वाळताना तो आक्रसतो. आणि तो घुसलेला तुकडा बाईंच्या एसी-डीएसच्याच कुळातला निघाला! माझ्या वर्गातल्या वाटाण्यांचं कारण कदाचित साधं असेल, कोवळा दाणा वाळला तरी सुरकुततो. पण त्या मुलीनं ढीग मात्र बरोबर लावले होते.

२ सप्टेंबर १९९२ रोजी बाई वारल्या. वय ९० वर्षं.

झोपवतं कोण?

त्यानंतर सहा वर्षांनी, १९९८ मध्ये, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका बारीक सूत्रकृमीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००६ चं नोबेल मिळालं. तो समजण्यासाठी एवढंच आठवा की जनुकातला निरोप आरएनएच्या एकेरी धाग्यावर उतरवून घेतला जातो आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. या दोघांना दिसलं की एखाद्या जनुकाशी जुळणारा दुहेरी आरएनए कृमीत सोडला, तर ते जनुक गप्प होतं. याला आरएनए इंटरफिअरन्स म्हणतात, म्हणजे आरएनएनं आणलेला अडथळा.

पेशीत दुहेरी आरएनए दिसला की डायसर नावाचं एक प्रथिन, विळीवर गवार मोडावी तसे, त्याचे साधारण २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं. त्यातला एक धागा आर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन हातात धरतं आणि पेशीत फिरतं. फाटलेल्या नोटेचा अर्धा भाग फक्त त्याच नोटेच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी जुळतो, तसं त्या तुकड्याशी अक्षर न् अक्षर जुळणारा निरोप सापडला की तो तिथेच कापला जातो. निरोप गेला, प्रथिन झालं नाही. वनस्पतींत तर हे तुकडे केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोहोचतात आणि त्या जागी एक रासायनिक खूण लावतात. खूण लागली की ते जनुक वाचलंच जात नाही. ही खूण डीएनएबरोबर पुढच्या पिढीतही जाऊ शकते. म्हणजे झोप वारशानं जाते. ओळखीचं वाटतंय ना?

पण पेशीला ही सोय हवी कशाला? शास्त्रज्ञांनी बाहेरून आरएनए टोचावा म्हणून तर ती तयार झाली नसणार. उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. १९९९ मध्ये काही कृमी सापडले, ज्यांच्यात ही अडथळ्याची यंत्रणा मोडलेली होती. आणि त्यांच्या अंडी-शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत ट्रान्सपोझॉन धडाधड उड्या मारत होते! एरवी त्या पेशींत ते अगदी गप्प असतात. म्हणजे ही यंत्रणा आतल्या या भटक्यांवर पहारा ठेवत होती. फिरत्या घटकांच्या प्रती डीएनएत उलटसुलट कुठेही पडलेल्या असतात. दोन उलट दिशांनी वाचलेले निरोप एकमेकांना चिकटले की दुहेरी आरएनए तयार होतो. पेशीला हीच खूण पुरते.

पहारा लागतोच, कारण काम मोठं आहे. २००९ मध्ये मक्याच्या सगळ्या डीएनएचं वाचन झालं तेव्हा त्याचा जवळपास ८५ टक्के भाग अशा फिरत्या घटकांचा निघाला. माणसात तो निम्म्याच्या आसपास आहे. त्यातले बहुतेक मोडके आहेत, पण काही अजून हलतात. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत रक्त गोठवणाऱ्या जनुकात असाच तुकडा नव्यानं घुसलेला सापडला होता. एक चुकीची उडी आणि एक मूल आयुष्यभरासाठी आजारी.

आणि शेवटी पुन्हा मका. मक्यात म्युटेटर नावाचा एक फार उड्या मारणारा घटक आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांना काही झाडं अशी मिळाली, ज्यांच्यात तो आपोआप गप्प व्हायचा. २००५ मध्ये त्यांनी कारण दाखवलं. या झाडांत त्याच घटकाच्या एका तुकड्याची प्रत कधीतरी उलटी होऊन स्वतःच्याच शेजारी बसली होती. तिचा आरएनए केसाच्या पिनेसारखा स्वतःवरच दुमडतो, म्हणजे आपोआप दुहेरी होतो. मग त्याचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांच्या मदतीनं मूळ घटक झोपवला जातो. पुढच्या पिढीत संकर करून ती उलटी प्रत काढून टाकली तरी मूळ घटक झोपलेलाच राहतो. आणि झोप टिकवणाऱ्या यंत्रणेतलं एक जनुक मोडलं, तर काही पिढ्यांत तो पुन्हा जागा होऊ शकतो. घटक तोच, जागा तीच. बाईंच्या जुन्या अहवालांतल्या नोंदी अशाच होत्या.

तिसरी-चौथीच्या मुलांना डायसर आणि आर्गोनॉट सांगायची गरज नाही. पण मक्याचा मोसम आला की एक कणीस केसांसकट वर्गात न्या आणि एकेका मुलाला एकेक केस त्याच्या दाण्यापर्यंत शोधत जायला सांगा. अर्धा तास लागतो, कधी जास्तही. मी या वेळी तो तास गणिताच्या तासाला जोडून घेणार आहे.